भांडणाच्या भरवशावर

"डोळे फुटले काय रे तुझे, पिलणकर? बावीस तिकिटं दिलीत मी!"

"आणि तू तुझं तोंड आवर! माझ्या हातात एकवीस आलीत. बाविसावं काय खाडीतनं पोहत येतंय?"

"मोजता येत नसंल तर आईला घेऊन ये मोजायला."

"आईवर जायचं काम नाय हां, सांगून ठेवतो!"

लाँच देवघोळच्या धक्क्याला लागली होती. माणसं उतरून चढणीला लागलीसुद्धा, आणि ही दोघं लाँचच्या दोन टोकांना उभी राहून एकमेकांचा उद्धार करत होती. मी मधल्या बाकावर बसून ऐकत होते. ऐकताना वाटत होतं की हे कुठंतरी लांब, दुसऱ्याच कुणाच्या गावात चाललंय. मग हळूहळू लक्षात आलं की माझ्या मुठीत काहीतरी आहे. घामानं मऊ पडलेलं तिकीट! बाविसावी मीच होते की.

"अहो, हे घ्या," मी हात पुढे केला.

पिलणकर आला, तिकीट फाडलं, अर्धं कुलपाच्या पेटीत टाकलं आणि मागच्या टोकाकडे तोंड करून ओरडला, "बावीस!"

"मग? मी काय गाणं म्हणत होते?" तिकडून उत्तर आलं.

माझी अशी अवस्था होण्याचं कारण म्हणजे एक गोळी. मला बोट लागते. बादलीत पाणी हललं तरी पोटात ढवळतं, आणि आमच्या अभ्यंकर सरांनी मला ऑडिटला पाठवलं ते खाडीवर! "कर्णिक, जा, मजा येईल," म्हणाले. मजा! चिपळूणच्या स्टँडवर औषधाच्या दुकानातून उलटीची गोळी घेतली, आणि दुकानदारानं "थोडी झोप येईल हं ताई" म्हटलं ते ऐकून घेतलं नाही. त्या दिवशी दिवसभर मी जागीही नव्हते आणि झोपलेलीही नव्हते. खाडीचं पाणी हिरवट, त्यावर ऊन सांडलेलं, दोन्ही काठांना कांदळवन, आणि लाँच इकडून तिकडे, तिकडून इकडे. जरा वेळानं इकडचं कुठलं आणि तिकडचं कुठलं हेच मला उमगेनासं झालं. आता त्या खाडीवर पूल झालाय. गाडीतून जाताना मी डोळे मिटून घेते, आणि ते पाणी तसंच दिसतं.

तर त्या दिवशी सकाळी, गोळी अंगात भिनायच्या आधी, कारवण्याच्या धक्क्यावर नाना तोडणकरांनी मला चहा पाजून सगळं समजावून सांगितलं होतं. नाना म्हणजे ही लाँच चालवणाऱ्या वाहतूक संस्थेचे चेअरमन. जुनी लाँच खोकायला लागली होती, नवीसाठी बँक कर्ज द्यायला तयार होती, पण बँकेची अट होती की आधी कुणीतरी येऊन संस्थेचं अंतर्गत नियंत्रण तपासावं आणि त्यावर सही द्यावी.

"आता हे अंतर्गत नियंत्रण म्हणजे काय ते तुम्ही सांगायचं नाय, मी सांगतो," नाना म्हणाले. बशीत ओतलेला चहा त्यांनी फुर्रकन ओढला. "आपल्याच घरातल्या माणसाला मोह होऊ नये म्हणून केलेली तजवीज. बरोबर?"

"अगदी बरोबर."

"तर आमची तजवीज बगा. तिकीट देणारी कुंदा शिरधनकर, ती हिकडची, कारवण्याची. ती बसणार मागच्या टोकाला. फळीवरनं माणूस चढला की तिच्याकडनं तिकीट घ्यायचं. तिकीट फाडणारा मोरेश्वर पिलणकर, तो पलीकडचा, देवघोळचा. तो पुढच्या टोकाला. उतरताना त्याच्याकडं द्यायचं. दरएक फेरीला ती तिचा आकडा ओरडणार, तो त्याचा. जुळला तर ठीक. नाय जुळला, तर जुंपली!"

"चांगलं आहे. पण दोघांनी मिळून ठरवलं तर? तिनं तिकीट न देता पैसे घेतले, आणि यानं बघून न बघितल्यासारखं केलं?"

नाना असे हसले, जसं काही मी त्यांच्या सापळ्यात आपणहून पाय टाकला होता. "बाई, कारवणं आणि देवघोळ एकमेकांशी बोलत नाय. शिमग्याला दोन्ही पालख्या भेटायच्या पूर्वी, भर खाडीत वाळूच्या पट्ट्यावर. आधी कुणाची पालखी वाकायची यावरनं डोकी फुटली. माझ्या आज्याच्या काळात. तेव्हापासनं सोयरीक नाय, तेराव्याला जाणं नाय, काय नाय. संस्थेत तेवढी दोन्ही गावं, कारण खाडी कुणाच्या बापाची नाय. म्हणून आम्ही नियम केला. देणारा एका गावचा, फाडणारा दुसऱ्या गावचा. ही दोघं कशी मिळणार? ह्याचं वाईट व्हावं म्हणून ती टपलेली, तिचं वाईट व्हावं म्हणून हा!"

"म्हणजे तुमचं नियंत्रण म्हणजे भांडण."

"तुमच्या पुस्तकात नसंल ते. पण कुलपापेक्षा भारी!" आणि मग नाना एकदम गंभीर झाले. "याच्या आधीची जोडी होती, त्यांना मी एका बशीतनं चहा पिताना बघितलं. त्याच दिवशी दोघांना घरी पाठवलं. चोरी नव्हती हो केली. पण चहा प्याले ना! आज चहा, उद्या वाटणी. ह्या दोघांनापण सांगून ठेवलंय. गोडीगुलाबी दिसली की दोघंही उतरायचं. परत लाँचवर पाय ठेवायचा नाय."

सरांनी मला शिकवलं होतं की नियम वेगळा आणि वहिवाट वेगळी. नियम ऐकून घ्यायचा, मान डोलवायची, आणि मग एक तिकीट पकडून त्याच्या पाठोपाठ जायचं, ते फाडून पेटीत पडेपर्यंत. म्हणून मी लाँचवर बसले. म्हणून ती गोळी.

दुपारपर्यंत किती खेपा झाल्या कुणास ठाऊक. प्रत्येक खेपेला आकडा, आणि आकड्यामागून आतषबाजी. आकडा जुळला तरी भांडण! "आज जुळला, नवल झालं," "तुझ्या नशिबानं जुळला," असं. प्रवाशांना त्याची इतकी सवय की कुणी मान वर करून बघेना. एक म्हातारी मला म्हणाली, "ही भांडली नायत तर लाँच सुरूच होत नाय, बाय." सुकाणूवर बसलेला इब्राहिमचाचा तांडेल तर दोन्हींपैकी कुठल्याच गावचा नव्हता, तो वरच्या अंगाच्या बंदरातला. तो आपला समोर बघून मंद हसत राहायचा.

कुंदा असेल पस्तिशीची. काळीसावळी, ताठ, नाकात चमकी, पदर खोचलेला. लग्न झालेलं नाही, भावाकडे राहते, असं तिनंच तिकीट देता देता सांगितलं. मोरेश्वर चाळिशी ओलांडलेला, बायको वारलेली, घरी आई. आवाज असा की पलीकडच्या काठावरचे बगळे उडावेत, पण डोळे मात्र मऊ. मी हे तेव्हा टिपलं खरं. पण म्हटलं, डोळ्यांचं काय घेऊन बसायचं, डोळ्यांवर सही होत नाही.

मग सुकती लागली. पाणी ओसरलं की दोन्ही धक्क्यांपाशी नुसता चिखल राहतो, लाँच लागत नाही. म्हणून दुपारी ती खाडीच्या मध्यावर, वाळूच्या पट्ट्याशेजारी नांगर टाकून भरतीची वाट बघत थांबते. कर्मचारी लाँचवरच. मला होडीनं काठाला सोडतो म्हणाले, पण त्या डुलणाऱ्या होडीत बसायची माझी तयारी नव्हती. "मी इथंच थांबते," म्हटलं, आणि मधल्या बाकावर, डोक्याखाली बॅग घेऊन आडवी झाले. चाचानं नमाजासाठी पुढं चटई अंथरली आणि मग तिथंच आडवा झाला.

गोळीची झोप मोठी लबाड असते. डोळे मिटतात, हातपाय जड होतात, कान तेवढे उघडे राहतात. लाँच पाळण्यासारखी हलत होती. छतावर पाण्याचं ऊन नाचत होतं, आणि ते मला मिटल्या पापण्यांतूनही दिसत होतं. मला वाटलं मी आईकडे आहे, माजघरात, आणि मोठी माणसं हलक्या आवाजात बोलतायत, मला जाग येऊ नये म्हणून.

"झोपली काय गो ती?"

"झोपली. बिचारीचं तोंड बघ कसं पिवळं पडलंय."

"आज आईवर गेलीस ते बरं नाय केलंस."

"लागलं तुला?"

"लागलं म्हणजे... आई कालपासनं उठलेली नाय. गुडघा."

"अरे मेल्या, मग सकाळी खूण करायची नाय? मला काय सपान पडतं? थांब, तेल देते. दादाच्या बायकोनं काढलंय, करंजाचं. पिशवीत टाकून ठेवते, उतरताना घे. आणि आईचं नाव नाय घेणार आता. दुसरं काय म्हणू?"

"आंधळा म्हण."

"ते सकाळी झालं."

"मग काय, ऐतखाऊ म्हण. ते बरेच दिवसांत म्हटलं नायस."

बाईच्या हसण्याचा आवाज, पदर तोंडावर घेतल्यासारखा. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज. कुळथाच्या पिठल्याचा वास आला. पाणी लाँचच्या पोटाला चुबुक चुबुक लागत होतं. मी मनात म्हटलं, किती छान स्वप्न आहे. आणि झोपले.

जागी झाले तेव्हा कुंदा तिच्या टोकाला तिकिटांच्या गड्ड्या लावत होती, मोरेश्वर त्याच्या टोकाला खाडीकडे तोंड करून बसला होता, आणि दोघांच्या मध्ये रिकामे बाक आणि मी. जसं काही झालंच नव्हतं! आता ऑडिटरनं करावं काय? झोपेत ऐकलेलं पुरावा म्हणून कसं धरायचं? सरांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, कर्णिक, तुमची गोळी आधी तपासा.

पण मला रुखरुख लागली. हे दोघांवर उभारलेलं नियंत्रण टिकतं कशावर? दोघांतला प्रत्येक जण आधी स्वतःला वाचवेल, यावर. माझं नाव खराब होऊ नये म्हणून मी तुझी चूक दाखवीन. बस्स, एवढंच. तेवढं तपासलं की झालं, आणि त्याला एक साधा प्रश्न पुरतो.

मी तोंडावर पाणी मारलं आणि पुढच्या टोकाला मोरेश्वरजवळ जाऊन बसले. "मोरेश्वरभाऊ, समजा एखाद्या दिवशी आकडा जुळलाच नाही. तिकिटं गेली जास्त, पेटीत निघाली कमी. तर चूक कुणाची धरायची?"

"माझी," तो लगेच म्हणाला.

"तुमची कशी? कदाचित तिनंच..."

"ती नाय चुकायची. हिशोबाला पक्की हाय. माझ्याच हातनं एखादं पाण्यात उडालं असंल. वाऱ्याचा भाग हाय ना इकडं." आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन घाईघाईनं, "म्हणजे, तोंडाळ हाय ती. पण चुकायची नाय."

मी उठले, मागच्या टोकाला गेले. तोच प्रश्न कुंदाला.

"माझीच चूक," ती गड्डीवरची नजर न काढता म्हणाली. "गर्दीत एकाला दोन तिकिटं गेली असतील माझ्याकडनं. भरून देईन मी पगारातनं. तो काय करणार त्यात? हातात आलं ते फाडलं त्यानं."

सकाळपासून ज्याला आंधळा म्हणत होती, त्याच्यासाठी पगार कापून द्यायला निघाली बाई! मला कळेना, हसावं का रडावं. सहीच्या दृष्टीनं बघितलं तर नियंत्रण संपलं होतं. तिथं नियंत्रण नव्हतंच. तिथं दुसरंच काहीतरी होतं, आणि ते इतकं चांगलं होतं की त्याला हात लावायला माझा जीव होईना.

पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. "इकडे या दोघं," मी म्हटलं. "मी झोपले नव्हते. पूर्ण नव्हते."

दोघांचेही चेहरे उतरले. मोरेश्वर हळूहळू मधल्या बाकापर्यंत आला आणि उभाच राहिला. कुंदा मात्र फणकारली. "पेटी उघडून बघा! आतापर्यंतची सगळी तिकिटं लावून बघा! एक पैसा हिकडचा तिकडं झाला असंल तर थोबाडीत मारा माझ्या."

"झालेला नाही, मला माहीत आहे."

"मग?"

"मग असं, की उद्या झाला असता तर कुणाला कळलं असतं?"

"पण केला नाय ना आम्ही!"

"केला नाही तो तुमच्या चांगुलपणामुळं, कुंदाताई. नियंत्रणामुळं नाही. मला सही नियंत्रणावर करायची आहे. तुमच्या चांगुलपणावर करायची असती तर आत्ता डोळे मिटून केली असती."

पाणी चढायला लागलं होतं, वाळूचा पट्टा कडेनं विरत चालला होता. मोरेश्वर घसा खाकरून म्हणाला, "माझं नाव लिवा बाई. म्हणावं, फाडणारा बरोबर नाय, त्याला काढा. मी उतरतो. ती राहू दे. भावाच्या घरात तिचा हा पगार हाय म्हणून तिला ताटात गरम वाढतात. तो गेला तर..."

"आणि मी मागच्या टोकाला बसून भांडू कुणाशी?" कुंदा एकदम म्हणाली. "नवा येईल त्याच्याशी? मला नाय जमायचं. हाडवैऱ्याशी भांडायला मला येतच नाय आता."

मी कागद काढला. "हे बघा, चोरी लिहिणार नाही, संगनमत लिहिणार नाही. तुम्ही दोघं एकमेकांपासून स्वतंत्र नाही, एवढं लिहावंच लागेल. पण लोक विचारतील, नातं काय? काय लिहू मी?"

मोरेश्वरनं पाण्याकडे बघितलं. मग चाचाकडे, मग स्वतःच्या पायांकडे. कुंदा त्याच्याकडे बघत होती. इतकं थेट बघत होती की मीच मान खाली घातली.

"बघितलंत?" अखेर कुंदा म्हणाली. "सहा वर्षं हेच. चोर सुचतं, चेटकीण सुचतं, शिव्या रोज ताज्या सुचतात ह्याला. हेवढं एक सुचत नाय." आणि ती तिच्या टोकाला जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून.

त्या संध्याकाळी कुणी भांडलं नाही. ती कोरडा आकडा सांगायची, तो कोरडा आकडा सांगायचा, जुळायचा, संपलं. प्रवासी कावरेबावरे झाले. "काय झालं काय आज? बरं नाय काय कुणाला?" करत एकमेकांना विचारायला लागले. मला तर तो सगळा रंगच उडाल्यासारखा वाटला, ऊन उतरल्यावर वाटतं तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावरच्या शेडमध्ये संस्थेची सभा भरली. नानांनीच बोलावली होती, बाईंनी शाबासकी दिलेली सगळ्यांनी ऐकावी म्हणून. मी आदल्या संध्याकाळी त्यांना म्हटलं होतं, "नाना, शाबासकीच असेल असं धरून चालू नका." त्यांना तो माझा विनय वाटला. एका बाजूच्या सतरंज्यांवर कारवणं, दुसऱ्या बाजूच्या सतरंज्यांवर देवघोळ, आणि मधे मोकळी जागा, बैलगाडी जाईल एवढी. कुंदा तिच्या भावाशेजारी बसली होती. मोरेश्वर समोरच्या बाजूला, पार मागं, खांबाला टेकून.

मी उभी राहिले. गोळी घेतलेली नव्हती, तरी पायाखालची जमीन हलत होती. वाचलं: "तिकीट देणारी व्यक्ती आणि तिकीट फाडणारी व्यक्ती एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. त्यामुळे संस्थेचे हे नियंत्रण आज अस्तित्वात नाही. कोणताही अपहार आढळला नाही. दोघांपैकी एकाला अन्य काम द्यावे, अशी शिफारस आहे."

नानांचा चेहरा पडला. "म्हणजे? ही दोघं? अवो बाई, अख्खी खाडी साक्षीला हाय, ही दोघं कुत्र्या-मांजरासारखी... स्वतंत्र नाय म्हणजे काय? रक्ताचं नातं नाय, लग्नाचं नाय. मग कसलं?"

"ते मी लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "मला कुणी सांगितलं नाही."

कुंदा मांडीवरच्या हातांकडे बघत होती. तिच्या भावानं तिच्याकडे मान वळवली, आणि त्याला काहीतरी कळायला लागलं असावं, कारण त्याचा चेहरा लाल झाला. मी मनात म्हणत होते, ऊठ रे बाबा, आता तरी ऊठ. आता नाही उठलास तर ही बाई जन्मभर त्या घरात मान खाली घालून जेवेल.

खांबापाशी हालचाल झाली. मोरेश्वर उभा राहिला होता.

"नाना, मी सांगतो." त्याचा तो बगळे उडवणारा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. "सहा वर्षं मी हिला रोज चोर म्हटलंय. सगळ्यांच्या समोर, ओरडून. तेव्हा लाजलो नाय. आता खरं सांगायचंय तर पाय लटपटतायत बगा." त्यानं खांब धरला. "मला हिच्यासंगती लगीन करायचंय. ती हो म्हणाली तर. अजून विचारलेलं नाय."

"मग विचार की मेल्या!" कुंदा ताडकन उभी राहिली, अगदी लाँचवरचा आवाज. "अख्ख्या खाडीला सांगत सुटलास, मला सोडून!"

कुणीतरी हसलं आणि घाबरून गप्प झालं.

"येतेस?" मोरेश्वर म्हणाला.

"नियम हाय!" नाना भानावर येऊन ओरडले. "दोघांनाही उतरावं लागंल! बाई काय पण लिवोत, दोघंही जाणार!"

"उतरलो, नाना," कुंदा म्हणाली. "कधीच उतरलो."

आणि ती निघाली. तिच्या भावानं तिचा पदर धरला, सोडला, आणि मोठ्यानं म्हणाला, "कुंदे, तिकडं जाऊन बसलीस तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाय!"

ती मधल्या मोकळ्या जागेत थांबली. तिथं तिच्या आज्यापासून कुणी उभं राहिलं नसेल. वळून म्हणाली, "येईन की दादा. बोलावलंस तर येईन. पण दोघं येऊ."

मग ती देवघोळच्या सतरंजीवर गेली आणि मोरेश्वरच्या शेजारी बसली. त्या बाजूच्या बायका क्षणभर दगडासारख्या झाल्या. मग त्यांतली एक म्हातारी, चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता, थोडी सरकली आणि तिला नीट बसायला जागा करून दिली.

नानांनी कपाळाला हात लावला. अखेर त्यांनी माझ्याकडे न बघताच हात हलवला. "वाचा बाई. पुढचं वाचा."

पुढचा मुद्दा डिझेलचा होता. मी दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबले. मला समोरचं काहीच दिसत नव्हतं.